सायकेडेलिक थेरपीला किती सिटिंग? मोजणी कुठे चुकते आणि नीट कशी करायची

“ताई, एकूण किती सिटिंग धरायची?”

सांगलीत दाताच्या डॉक्टरला विचारतात त्याच सुरात हा प्रश्न मला विचारला जातो. मी समुपदेशनाचं काम करते. रूट कॅनॉलला तीन सिटिंग म्हटली की तीन. सायकेडेलिक थेरपीत, म्हणजे जाणीव काही वेळ बदलणारं औषध देखरेखीत देऊन आणि त्याच्या आधी-नंतर बोलून केलेल्या मानसिक उपचारात, मात्र विचारणारा फक्त औषधाचे दिवस मोजत असतो, आणि समोरचाही बहुतेक वेळा तेवढेच सांगून मोकळा होतो.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार भिंतीवरचं कॅलेंडरच गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले होते. बायकोच्या नैराश्यावरच्या केटामाइन उपचारासाठी त्यांनी लाल पेनाने सहा गोल काढले होते. सहा गोल, सहा रविवार. आठवड्यातून दोनदा व्हायचा उपचार त्यांनी एकदाच धरला होता. औषधाआधीची एकही भेट कॅलेंडरवर नव्हती, नंतरचीही नाही. शेवटचे दोन गोल ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धांदलीत आले होते. त्या कॅलेंडरवर जे जे चुकलं होतं, तेच थोड्याफार फरकाने बाकीच्यांचंही चुकतं. म्हणून हा क्रम.

१. आधी औषध कोणतं ते पक्कं करा

“सायकेडेलिक थेरपी” या एका नावाखाली तीन वेगवेगळे उपचार खपवले जातात. मोबाईलवर वाचलेला आकडा एकाचा असतो आणि मिळणारा उपचार दुसऱ्याचा. निम्मा गोंधळ इथेच होतो.

सिलोसायबिन, म्हणजे ठरावीक जातींच्या अळंबीतला घटक, आणि एमडीएमए, म्हणजे पार्ट्यांत “एक्स्टसी” म्हणून ओळखलं जाणारं रसायन, ही दोन्ही आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली, बंदी असलेली द्रव्यं आहेत. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून परवानगी मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांना ती लिहून देता येतात: एमडीएमए आघातानंतरच्या मानसिक विकारासाठी, सिलोसायबिन औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. अमेरिकेत एमडीएमएच्या उपचाराला तिथल्या औषध प्रशासनाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी नाकारली. सांगली-साताऱ्यातल्या माणसाला या दोन्हींचे आकडे फक्त माहितीपुरते.

केटामाइनचं तसं नाही. ते भुलीचं जुनं औषध आहे आणि ऑपरेशन थिएटरमध्ये वर्षानुवर्षं वापरात आहे. कायद्याचं नियंत्रण त्याच्यावरही आहे, पण डॉक्टरच्या देखरेखीत देता येतं. भुलीच्या डोसपेक्षा बऱ्याच कमी डोसमध्ये ते नैराश्यावर वापरतात. काटेकोर बोलायचं तर ते मूळ सायकेडेलिक गटातलं नव्हे, मेंदूत त्याची वाट वेगळी आहे. पण आपल्याकडे या नावाखाली कायदेशीर जे काही मिळतं, ते हेच.

*थांबा:* पावसाळ्यात कास-महाबळेश्वरला जाणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर “नॅचरल आहे, काही होत नाही” असे मेसेज फिरतात. रानातली अळंबी ओळखायला चुकलात तर यकृत जातं. बरोबर ओळखलीत तर पोलीस केस आहेच. “घरच्या घरी थेरपी” नावाचा प्रकार नाही.

२. आकड्याची फोड करा

कुठलाही आकडा कानावर आला की त्याचे तीन भाग पाडा: औषधाआधीच्या तयारीच्या भेटी, औषधाचे दिवस आणि औषधानंतरच्या बोलण्याच्या भेटी. तीनही भाग कळल्याशिवाय तो आकडा वहीत लिहू नका.

एमडीएमएचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये तयारीच्या 3 भेटी होत्या, प्रत्येकी दीड तासाची. औषधाचे दिवस 3, प्रत्येक दिवस साधारण 8 तासांचा, दोन दिवसांमध्ये सुमारे महिन्याचं अंतर. प्रत्येक औषधाच्या दिवसानंतर दीड-दीड तासाच्या 3 भेटी. म्हणजे भेटी एकूण 15 आणि तास 42. त्यातले औषधाचे दिवस फक्त तीन. बातमीत “तीन सिटिंगमध्ये फरक” असं छापून येतं, ते या पंधरातले तीन.

सिलोसायबिनचा आकडा आणखी फसवा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 233 रुग्णांच्या चाचणीत औषध एकदाच दिलं होतं, 25 मिलिग्रॅमपर्यंत. त्याआधी 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या 24 जणांच्या छोट्या अभ्यासात दोन डोस होते. डोस एक असो की दोन, आधी तयारी आणि नंतर बोलणं होतंच, आणि औषधाच्या दिवशी माणूस पाच-सहा तास खोलीत, शेजारी प्रशिक्षित माणूस. “एका डोसचं काम” हे वाक्य यातूनच निघालं. निघताना आजूबाजूच्या सगळ्या भेटी मागे राहिल्या.

केटामाइनचं गणित निराळं. एक डोस फार दिवस टिकत नाही, बहुतेकांत आठवड्याभरात उतरतो, म्हणून तो ओळीने द्यावा लागतो. शिरेतून, वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, 40 मिनिटांत. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. असे सहा. काही ठिकाणी आठवड्यातून तीनदा देऊन दोन आठवड्यांत उरकतात. एस्केटामाइनचा, म्हणजे केटामाइनच्याच एका रूपाचा, नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत मार्च 2019 मध्ये मंजूर झाला. त्याचं वेळापत्रक पहिले चार आठवडे दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा, आणि मग आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा असं आहे. म्हणजे दोन महिन्यांत 12.

इथे एक तुलना सांगते, कारण घरचे हमखास विचारतात, “त्यापेक्षा शॉक दिले तर?” 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, भ्रम-भास नसलेल्या आणि औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात, केटामाइन तीन आठवड्यांत 6 वेळा आणि विजेचा उपचार 9 वेळा असं समोरासमोर पाहिलं. केटामाइनच्या गटात 55.4 टक्के लोकांना ठळक फरक पडला, विजेच्या उपचारात 41.2 टक्के. याचा अर्थ शॉक वाईट असा नाही. भ्रम-भास असलेल्या किंवा खाणं-पिणं सोडलेल्या रुग्णात आजही तोच आधी विचारात घेतात. नावाला घाबरून तो पर्याय खोडू नका.

*तपासा:* वहीत तीन रकाने झाले का? मधल्याच रकान्यात आकडा असेल तर मोजणी अजून अर्धवट आहे.

३. फाईल आधी, फोन नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे आळस केला की पुढचे सगळे आकडे हलतात.

हा उपचार पहिल्या पायरीवरचा नाही. निदान दोन नैराश्यविरोधी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही फरक नसेल, तेव्हा साधारणपणे त्याचा विचार होतो. माझ्याकडे येणाऱ्यांत “सगळी औषधं करून झाली ताई” म्हणणारे पुष्कळ. फाईल उघडली की दिसतं, एक गोळी बारा दिवस घेऊन सोडली, दुसरी निम्म्या डोसवरच राहिली, तिसरी शेजारच्या काकूंनी बंद करायला सांगितली. अशा वेळी जुनंच औषध नीट घेऊन बघणं स्वस्त पडतं आणि बरेचदा पुरतं.

एका कोऱ्या कागदावर लिहून काढा: औषधाचं नाव, डोस, कधीपासून कधीपर्यंत, काय फरक पडला, का सोडलं. जुन्या चिठ्ठ्या सापडत नसतील तर मेडिकलवाल्याकडे बिलं मिळतात का बघा. याच कागदाच्या मागे पुढच्या गोष्टी लिहा, लपवून ठेवू नका:

- स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया, भ्रम-भास किंवा अतिउत्साहाचे झटके
- बीपी, हृदयाचा त्रास, पूर्वीचा पक्षाघात, रक्तवाहिनीला फुगवटा
- यकृताचा किंवा लघवीच्या पिशवीचा त्रास
- दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या. किती आणि केव्हापासून
- गरोदरपण किंवा त्याची शक्यता

पहिल्या ओळीवर लोक अडखळतात. “चुलत्यांना थोडं अंगात यायचं” असं सांगून विषय संपवतात. ते अंगात येणं होतं की आजार, हे डॉक्टरांना ठरवू द्या. असा इतिहास असेल तर केटामाइनने भ्रम उफाळू शकतात.

झोपेच्या गोळ्यांचंही सांगा. त्यातल्या काही गोळ्यांमुळे केटामाइनचा परिणाम बोथट होतो असं दिसलंय.

*थांबा:* म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. परदेशातल्या एमडीएमएच्या चाचण्यांत नैराश्याच्या गोळ्या आधी कमी करत नेत, ते वाचून काही जण इथे केटामाइनसाठीही गोळी तोडतात. केटामाइनच्या वेळी नेहमीची गोळी बहुधा चालूच ठेवतात. तोडली की आठ दिवसांत झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि सिटिंग सुरू व्हायच्या आधीच माणूस खचतो.

४. केंद्राला विचारायचे प्रश्न

पहिला फोन तुमच्या नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांना करा, पुण्या-मुंबईच्या जाहिरातीला नंतर. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघंही आहेत. प्रश्न असतो दोघांची सांगड कुठे घातली जाते, आणि तो रस्ता तुमच्या डॉक्टरांनाच माहीत असतो.

मग विचारा. औषध देताना खोलीत कोण असतं? ऑक्सिजन आणि मॉनिटर आहे का? आधी किती भेटी, नंतर किती, आणि त्या कुणासोबत? मधेच थांबलो तर उरलेल्या पैशांचं काय?

शेवटचा प्रश्न अनुभवातून आलाय. एका ठिकाणी माझ्या ओळखीतल्या कुटुंबाला “सहा सिटिंगचं पॅकेज” विकलं गेलं, सगळे पैसे आगाऊ. आधीची तपासणी दहा मिनिटं. नंतरचं बोलणं म्हणजे व्हॉट्सॲपवर एक मराठी ऑडिओ. तिसऱ्या वेळी बीपी चढलं, उपचार थांबवावा लागला, आणि पैशाचा विषय काढला की फोन बंद. केटामाइनची बाटली महाग नसते. पैसे लागतात ते डॉक्टरच्या वेळेला, मॉनिटरला आणि खोलीला. त्यामुळे दर सिटिंगमागे बिल घेणाऱ्याकडे जा.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची पूर्ण माहिती मिळण्याचा, संमती देण्याचा आणि दिलेली संमती मागे घेण्याचाही हक्क दिला आहे. स्वतःच्या नोंदी मागता येतात. संमतीपत्र मराठीत मागा. नसेल तर कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा.

५. तारखा लावणं

आता कॅलेंडर काढा. कमीत कमी असं धरा: तपासणीची भेट 1, तयारीच्या 2, औषधाचे दिवस 6, नंतरच्या बोलण्याच्या 4 ते 6, आणि शेवटी आढाव्याची 1. म्हणजे 14 ते 16, पाच-सहा आठवड्यांत. हा माझा ठोकताळा आहे, तुमच्या डॉक्टरांचा आकडा वेगळा असू शकतो. पण कुणी फक्त सहा सांगितले तर उरलेले आठ-दहा कुठे गेले ते विचारा.

उपचार पुण्यात असेल तर अंतर मोजा. सातारा-पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, सांगली-पुणे त्याच्या जवळपास दुप्पट. सांगलीहून सहा वेळा जाऊन-येऊन पावणेतीन हजार किलोमीटर होतात. पुण्यात मावशी-आत्याकडे तीन आठवडे राहता येत असेल तर राहा. साताऱ्याहून ये-जा जमते, पण त्याच दिवशी परतायचं असेल तर मळमळ धरून चाला. केटामाइननंतर मळमळ नेहमीची, आणि वर खंबाटकीची वळणं. ज्यांनी ती केली त्यांनी पुढच्या वेळी पिशवीत लिंबू आणि प्लास्टिकच्या थैल्या दोन्ही ठेवल्या.

सोबतीचा माणूस एकच ठेवा, सहाही वेळा तोच. दर वेळी नवा पाहुणा आला की प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि रुग्ण दमतो तो त्यानेच.

शेतीच्या घरांनी छाटणी, ऊसतोड, हळद काढणी बघूनच तारखा घ्याव्यात. मध्ये दहा दिवसांचा खंड पडला तर ओळीने देण्याचा हेतूच जातो. त्या बागायतदारांनी शेवटी सगळं पितृपक्षाआधी आणलं. सासूबाई कुरकुरल्या, गौरी-गणपतीत दवाखाना कसला म्हणून. पण छाटणीच्या आधी सहाही दिवस बसले.

*तपासा:* प्रत्येक औषधाच्या तारखेसमोर सोबतीचं नाव आणि गाडीची सोय लिहिली आहे ना? रुग्णाने त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दुचाकीही नाही. थेट दुसऱ्या दिवशी, नीट झोप झाल्यावर. पॉवर टिलर आणि चारा कापायच्या मशीनलाही हाच नियम.

६. औषधाचा दिवस

जड खाणं सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. केंद्राने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. “चहाने काय होतंय” म्हणून दुधाचा चहा पिऊन येणारे दर आठवड्याला भेटतात, आणि मग त्यांचा नंबर पुढे ढकलला जातो. सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पोहोचल्यावर बीपी बघतात. 140/90 च्या वर असेल तर थांबून, शांत बसवून पुन्हा मोजतात. मग सलाईन लागतं. पाच-दहा मिनिटांत ओठ बधिर होतात, आवाज लांबून येतात, अंग आपलं नसल्यासारखं वाटतं. एक आजी म्हणाल्या, “मी छताला टेकून माझ्याकडंच बघत हुते, आणि मला त्येचं काय वाटतबी नव्हतं.” काहींना मात्र हे फार भीतिदायक होतं. तयारीच्या भेटी यासाठीच असतात: भीती वाटली तर हात कुणाचा धरायचा, काय बोलायचं, डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, हे आधीच ठरलेलं असावं. सलाईन संपल्यावर तासाभरात बहुतेक उतरतं. तरी दोन तास तरी निघायचं नाही.

सोबतीच्या माणसाने या वेळात “काय दिसतंय? काय दिसतंय?” करू नये. व्हिडिओ काढू नये. फोन सायलेंटवर.

७. दुसऱ्या दिवसापासूनचं बोलणं

लोक नेमकं हेच गाळतात. औषधाने मन थोडे दिवस सैल होतं. त्या दिवसांत बोलणं झालं, झोपेची वेळ लागली, सकाळी उठून गल्लीच्या टोकापर्यंत चालणं सुरू झालं, तर धरून ठेवायला काहीतरी असतं.

चोवीस ते बहात्तर तासांत पहिली भेट ठेवा. समोरासमोर जमत नसेल तर फोनवर. त्याआधी शाळकरी वहीत चार ओळी लिहा: काय दिसलं, अंगात काय वाटलं, कुणाची आठवण आली, आज काय करावंसं वाटतंय. अर्थ लावायला जाऊ नका. एकाला सलाईनमध्ये वडील दिसले आणि त्याने दुसऱ्या दिवशी जमिनीच्या वाटणीचा दावा मागे घ्यायचं ठरवलं! मोठे निर्णय तीन-चार आठवडे पुढे ढकला: जमीन, लग्न, नोकरी, घटस्फोट, सगळे.

८. तिसऱ्यानंतर मोजा

“बरं वाटतंय का?” या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं: “हो, बरंय की.” त्यावर जाऊ नका. पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी मराठीत मिळते. प्रत्येक उत्तराला 0 ते 3, एकूण 27. सुरुवातीला एकदा, मग आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वारी भरा. आकडा निम्म्यावर आला तर उपचार लागू पडतोय. 5 च्या खाली गेला तर नैराश्य उतरलं असं धरतात.

तिसऱ्या-चौथ्या डोसनंतरही आकडा जागचा हलला नसेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोला. सहाही होऊन काहीच फरक नसेल तर “आणखी सहा घेऊन बघू” ही सूचना कागदावर कारणासह मागा.

*थांबा:* यादीतला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्यावरून वर गेलं तर पुढच्या सिटिंगची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

९. सहानंतर

सहा झाले म्हणजे कोर्स संपला असं नाही, आणि जन्मभर चालू ठेवायचं असंही नाही. काहींना काहीच लागत नाही, गोळी आणि बोलणं चालू ठेवून निभतं. काहींचा परिणाम दोन-चार आठवड्यांत ओसरतो, मग आधी आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी, महिन्याने असं अंतर वाढवत नेतात. अंतर वाढतंय की कमी होतंय, एवढं वहीत बघत राहा. कमी होत असेल, रुग्ण स्वतःहून “लवकर द्या” म्हणू लागला असेल, तर ती सवयीची खूण असू शकते. वारंवार लघवी होणं किंवा जळजळ ही दुसरी खूण. जास्त आणि दीर्घ वापरात लघवीच्या पिशवीला इजा होते, म्हणून हे सांगायला लाजू नका.

बागायतदारांच्या घरी सध्या अठ्ठावीस दिवसांचं अंतर आहे. कॅलेंडर नवं आहे, लाल गोल महिन्याला एकच. त्याच्या आजूबाजूला निळ्या पेनाने बोलण्याच्या भेटी लिहिल्यात, आणि एका चौकटीत बायकोच्या अक्षरात “फवारणी – मी जाणार.”